मोत्याचें वावडें

जळगांवीं आमच्या घरीं मोत्या नांवाचा कुत्रा आहे. गेल्या वर्षीं तो रात्रंदिवस पंजे चाटूं लागला; कान लाल झाले, पोटावरचे केस गळाले. प्रथम आम्हीं उन्हाळ्यास बोल लावला. परंतु पावसाळा सरला, थंडी पडली, तरी खाज तशीच. शेवटीं त्यास धुळ्यास एका पशुवैद्यांकडे नेलें.

रक्त तपासून दोषी अन्नाचें नांव कागदावर मिळेल, अशी आमची अपेक्षा. डॉक्टर हंसले. अन्नाच्या वावड्याकरितां, म्हणजे हल्लींच्या भाषेंत ॲलर्जीकरितां, कुत्र्याच्या रक्ताची वा लाळेची तपासणी भरंवशाची नाहीं, असें ते म्हणाले. आधीं पिसवांचा बंदोबस्त झाला. मग ८ आठवडे त्यानें पूर्वीं कधींही न खाल्लेलें अन्न ठरलें : मासळी व रताळें. दूध, कोंबडी, भाकरीचा तुकडाही वर्ज्य! ही परीक्षा मोत्यापेक्षां आमचीच अधिक. तिसऱ्या आठवड्यांत घरांतील धाकट्यानें दया येऊन दूधभाकरी चारली, आणि पुनः पहिल्या दिवसापासून मोजणें आलें.

अखेर खाज थांबली. आम्हांस तेवढें पुरे होतें, डॉक्टरांस नव्हतें. जुनें अन्न पुनः देऊन खाज परतते कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून निदान पुरें होत नाहीं. बरा झालेला मुका जीव जाणूनबुजून आजारी पाडावयाचा, हें आमच्या मनास फार लागलें. एका वेळीं एकच पदार्थ, दोन दोन आठवडे. भाकरीनें कांहीं झालें नाहीं, कोंबडीनेंही नाहीं. दुधानें मात्र चौथ्याच दिवशीं पंजे लाल झाले. तें दूध सहा वर्षें आम्हींच स्वहस्तें त्याच्या ताटलींत ओतीत होतों.