लेक गुपितांचे गणित शिकते

मंडळाच्या कार्यक्रमात कोणी भेटले की तब्येतीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "लेक काय शिकते?" मेडिसिन, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर यांपैकी काही सांगितले की विषय मिटतो. आमची मुलगी मात्र विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला गणित घेऊन क्रिप्टॉलॉजी, म्हणजे गुप्तलेखनाचे शास्त्र, शिकते. ऐकणारा "अरे वा!" म्हणतो आणि हळूच विचारतो, "पण त्यात पुढे काय?" हा लेखनप्रपंच त्या "पुढे काय"साठी.

गुप्तलेखन आपल्याला नवे नाही. लहानपणी "च"ची भाषा आपण सगळेच बोललो आहोत. शाळा म्हणायचे असेल तर "चळाशा", मला म्हणायचे तर "चलाम". महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. एका अक्षराच्या जागी दुसरे, अशी तिची रीत. या सगळ्यांत एक अडचण होती. ज्याच्याशी गुपित बोलायचे, त्याला किल्ली आधी गुपचूप पोचवावी लागे.

ही अडचण दूर झाली ती इथे, अमेरिकेत. १९७६ साली स्टॅनफर्डच्या डिफी आणि हेलमन यांनी किल्ली उघडपणे ठरवण्याची वाट दाखवली. १९७७ मध्ये एमआयटीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी कुलूप सर्वांना वाटायचे आणि किल्ली आपल्याकडे ठेवायची, अशी पद्धत शोधली. लेकीने ती आम्हाला पोळ्या लाटता लाटता समजावली. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. गुणाकार ३३. हा ३३ आणि सोबत ३ हा घात जगाला सांगा. कोणाला "४" हा निरोप पाठवायचा आहे? त्याने ४ चा घन करावा, ६४; त्याला ३३ ने भागून उरलेली बाकी, ३१, पाठवावी. आपली किल्ली ७. ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागा, बाकी पुन्हा ४! ही किल्ली काढायला ३३ चे अवयव ठाऊक हवेत. ३३ चे कोणीही काढील, पण शेकडो आकडी संख्येचे काढणे महाकठीण. त्याच वर्षी १२९ आकडी एक संख्या आव्हान म्हणून छापली गेली. ती फोडायला १९९४ साल उजाडले, आणि सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावले तेव्हा ती फुटली.

ते आव्हान छापले होते "सायंटिफिक अमेरिकन"मधल्या मार्टिन गार्डनर यांच्या सदरात. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९७५ मध्ये, याच सदराने देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अमेरिकन वाचकांना दाखवले होते. ६१७४ या आकड्याची गंमत शोधणारे तेच हे कापरेकर. संख्यांशी असे खेळणे ही रिकामी हौस, असे पुष्कळांना वाटे. आज बँकेचे कार्ड त्याच संख्यांच्या जोरावर चालते.

आता "पुढे काय". मेरीलंडमधील नॅशनल सिक्युरिटी एजन्सी ही या देशात गणितज्ञांना सर्वाधिक नोकऱ्या देणाऱ्या संस्थांपैकी एक. तिथे अमेरिकन नागरिकत्व लागते. ग्रीन कार्ड चालत नाही. लेक इथेच जन्मलेली, त्यामुळे ती अडचण नाही. पण चौकशीच्या फॉर्मात परदेशातल्या नातेवाइकांची नावे आणि त्यांच्याशी असलेला संपर्क लिहावा लागतो. आमच्या घरी परदेशातले नातेवाईक म्हणजे नाशिकची आजी, पुण्याचे काका आणि त्यांचा गोतावळा. शिवाय नोकरी लागली तर दिवसभर काय केले, हे ती आम्हालाही सांगू शकणार नाही. ज्या घरात जेवताना सगळे काही बोलले जाते, तिथे हे पचनी पडायला जड आहे.

दुसरी वाट पीएच.डी.ची, आणि ते काम उघड्यावरचे. पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवले की क्वांटम संगणक पुरेसा मोठा झाला तर अवयवांवर उभी असलेली कुलपे उघडतील. म्हणून निस्ट या सरकारी संस्थेने जगभरातून नव्या पद्धती मागवल्या, सर्वांसमक्ष तपासून घेतल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांतली दोन बिंदूंच्या जाळ्यांच्या गणितावर उभी आहेत, आणि लेकीचा जीव त्यातच रमला आहे. ती म्हणते, "बाबा, लपवायची ती किल्ली. कुलूप जगाला दाखवायचं, म्हणजे कच्चं असेल तर कळतं."

तरी ती दोन्हीकडे अर्ज करणार आहे. आम्ही आजींना फोनवर विचारले, तुमचे नाव अमेरिकन सरकारच्या फॉर्मात गेले तर चालेल का? त्या म्हणाल्या, "लिहा की. फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून लिहा." परवानगी मिळाली. मनाची तयारी मात्र आमची आम्हालाच करायची आहे, आणि ती अजून चालू आहे.

ज्यांची मुले हायस्कूलमध्ये आहेत आणि कोड्यांत रमतात, त्यांना एवढेच सांगू. कॅल्क्युलसबरोबर लिनिअर अल्जेब्रा, नंबर थिअरी आणि सिद्धता लिहिण्याची सवय हवी, प्रोग्रॅमिंगही हवे. सरकारी कामाचा विचार असेल तर नागरिकत्वाची बाब आधी पाहावी. आणखी काही विचारायचे असल्यास चहाला या. लेक सुट्टीत घरी असते, आणि ३३ चे उदाहरण ती कोणालाही आनंदाने सोडवून दाखवते.