फाइलीवर घातलेलं नाव

भांड्यांवर नाव घालण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिच्याइतकी शहाणी पद्धत मला दुसरी दिसलेली नाही. लग्नकार्यात मिळालेला साधा पेला घ्या. त्याच्या कडेवर देणाराचं नाव असतं, कोणत्या प्रसंगी दिला ते असतं, आणि बहुधा तारीखही असते. पुढे तो पेला तीन घरं फिरतो, त्याला पोचे पडतात, त्यात कोणी दूध पितं तर कोणी तेल काढून ठेवतं. पण त्याचं कुळ विचारायला कोणाकडे जावं लागत नाही. उजेडाकडे धरायचा आणि वाचायचं! माझा धंदा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा. त्या धंद्यातही अशी नाव घातलेली भांडी असतात, असं सांगितलं तर तुम्हांला नवल वाटेल. पण ती असतात.

बाहेरून पाहिलं तर संगणकातल्या फाइलीला एक नाव असतं आणि एक तारीख असते. मात्र या दोहोंवर विसंबणं म्हणजे पाहुण्याच्या टोपीवरून त्याचं वय ठरवणं. नाव कोणीही बदलावं. आणि तारखेचं म्हणाल, तर फाइल इंटरनेटवरून उतरवली की तिला बहुधा उतरवल्या दिवसाचीच तारीख चिकटते. म्हणून विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या फाइलीच्या पोटात एक छोटीशी नोंद ठेवण्याची सोय केलेली आहे. तीत करणाऱ्या कंपनीचं नाव असतं, फाइल कशासाठी आहे ते एका ओळीत असतं, हक्काची ओळ असते, आणि फाइलीचं मूळ नावही असतं. या मूळ नावाची मला फार मौज वाटते. बाहेर कोणी काहीही नाव ठेवो, माहेरचं नाव आत जसंच्या तसं! पण सगळ्यांत मोलाचे असतात ते आवृत्तीचे चार आकडे. पहिला मोठ्या बदलाचा, दुसरा लहान बदलाचा, तिसरा कितव्यांदा बांधणी झाली त्याचा, आणि चौथा ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं वापरायचा. प्रत्येक आकडा ० पासून ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो. एवढ्यात न मावणारी सुधारणा अजून तरी माझ्या हातून झालेली नाही!

आता तुम्ही म्हणाल, नोंद आहे ना? मग वाचा की! इथंच खरी मेख आहे. ही नोंद प्रोग्रॅममधून वाचायची तर आधी विंडोजला विचारायचं, की नोंद केवढी आहे. मग तेवढी जागा रिकामी करायची आणि नोंद तीत उतरवून घ्यायची. मग तिच्यातला हवा तो भाग मागायचा. आकडे मिळतात तेही जोडीजोडीनं एकात एक दुमडून ठेवलेले. ते उलगडून वेगळे करावे लागतात. शब्दांतली माहिती हवी असेल तर आधी ती कोणत्या भाषेत आहे ते विचारावं लागतं. भाषेचा क्रमांक आणि लिपीचा क्रमांक जोडून एक किल्ली करायची, तेव्हा कुठं कुलूप उघडतं. इंग्रजीची किल्ली घेऊन जर्मन फाइलीपाशी गेलात, तर आत सगळं असूनही हाती काही लागत नाही. काम अवघड नव्हे, पण विलक्षण किचकट. आणि किचकट काम माणूस दर वेळी नव्यानं करू लागला, की कुठं तरी त्याचा पाय घसरायचाच.

यावरचा उपाय वाड्यातल्या बायकांना केव्हाच ठाऊक होता. दिवाळी आली की चकलीचा सोऱ्या घरोघर फिरायचा. एकीकडे चकली, दुसरीकडे शेव. ताटली बदलायची, सोऱ्या तोच. प्रत्येक घरानं आपला सोऱ्या घडवत बसायचं नाही. बोरलँड कंपनीनं १९९५ साली डेल्फी नावाचं प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन बाजारात आणलं, त्यात ही सोऱ्याची युक्ती फार छान साधली होती. एकदा नीट लिहिलेला भाग, त्याला कंपोनंट म्हणतात, उचलायचा आणि आपल्या प्रोग्रॅमात ठेवायचा. असाच एक आवृत्ती वाचणारा कंपोनंट माझ्याजवळ होता. तो लिहिला होता कोणा अनोळखी प्रोग्रॅमरानं, आणि सर्वांसाठी फुकट ठेवला होता. त्याला फाइलीचं नाव सांगायचं. तो ते सगळं जागा करणं, उलगडणं, किल्ली लावणं आपण होऊन करायचा आणि चार आकडे समोर ठेवायचा. या सोऱ्यानं एका माणसाची अब्रू वाचवली, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९९८ सालची हकीकत. एका पतसंस्थेत आमचा प्रोग्रॅम चालत असे. एक संगणक खिडकीवर, रोखपालांपुढे. दुसरा आतल्या खोलीत, हिशेबनिसांपुढे. खिडकीवर ठेवीचं व्याज काढून पैसे दिले जात, आणि संध्याकाळी आतला संगणक तेच व्याज पुन्हा काढून खातेवहीत चढवी. एके दिवशी रोकड ११ रुपयांनी कमी भरली. दुसऱ्या दिवशी १४ रुपयांनी. मग रोजच! रोखपाल २० वर्षांचे जुने. त्यांना सगळे काका म्हणत. पहिल्या आठवड्यात त्यांनी पदरचे पैसे भरले. दुसऱ्या आठवड्यात लोक कुजबुजू लागले. तिसऱ्या आठवड्यात चेअरमन मला म्हणाले, "अहो, यंत्र कधी खोटं बोलतं का?" काका शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. नुसते खिडकीवरच्या गजांकडे पाहत राहिले.

मी दोन्ही संगणकांवरचा आमचा प्रोग्रॅम तपासला. तो एकच होता. पण प्रोग्रॅम एकटा नांदत नसतो. अनेक प्रोग्रॅमांना लागणारी कामं डीएलएल नावाच्या सामायिक फायलींत ठेवलेली असतात, आणि त्या काळी या फायली विंडोजच्या एकाच फोल्डरात शेकड्यांनी राहत, चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या. एकेका फाइलीची आवृत्ती विंडोजमध्ये हातानंही पाहता येई. पण शेकडो फायली, आणि त्याही दोन संगणकांवर! मी त्या कंपोनंटाभोवती दहा-पंधरा ओळी लिहिल्या, दोन्हीकडच्या सगळ्या फायलींच्या आवृत्त्या छापून काढल्या आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी धरल्या. एकाच ओळीत फरक होता. रुपये-पैशांची पूर्णांकात मांडणी करणारी एक बाहेरून घेतलेली फाइल खिडकीवर १.१० होती आणि आत १.९. नव्या आवृत्तीत ५० पैसे किंवा अधिक असले, तर पुढचा रुपया धरला जाई. जुनीत पैसे सरळ सोडून दिले जात. म्हणजे काका देत होते ते बरोबर होतं, आणि वहीत चढत होतं ते कमी!

जुनी फाइल आत आली कुठून? महिन्यापूर्वी आतल्या संगणकावर दुसऱ्या कोणाचा तरी पगारपत्रकाचा प्रोग्रॅम बसवला होता. त्याच्याबरोबर तीच सामायिक फाइल आली, पण जुनी. जुन्या फाइलीनं नव्या फाइलीच्या जागेवर बसायचं नाही, हा या धंद्यातला साधा शिष्टाचार. त्या प्रोग्रॅमनं आवृत्त्या ताडून पाहिल्या होत्या, हेही खरं. पण आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून! पहिलं अक्षर १, दुसरं टिंब, इथपर्यंत दोन्ही सारखी. तिसरं अक्षर एकीकडे १ आणि दुसरीकडे ९. नऊ मोठा, तेव्हा १.९ नवी, असा त्यानं निकाल दिला. तिसरीतल्या मुलालाही दहा नवापेक्षा मोठे हे कळतं. त्या प्रोग्रॅमाला दहा दिसलेच नाहीत. अशा घोटाळ्यांना प्रोग्रॅमर मंडळी डीएलएलचा नरक म्हणत. त्या नरकात एक निरपराध माणूस तीन आठवडे उभा होता.

मी तो छापील कागद चेअरमनांपुढे ठेवला आणि त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढली. त्यांनी तो दोनदा वाचला आणि काकांना खुर्ची दिली. पदरचे पैसे परत करण्याचं त्याच बैठकीत ठरलं. निघताना काका हळूच म्हणाले, "साहेब, या कागदाची एक प्रत मिळेल का? घरी दाखवायची आहे." तीन आठवडे घरी काय चाललं असेल, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

आता डॉटनेटसारख्या साधनांत ही वाचण्याची सोय तयारच मिळते. तो जुना कंपोनंट कोणाला शोधावाही लागत नाही. पण वाचणं सोपं झालं, म्हणून लिहिणं आपोआप खरं होत नाही. फाइलीच्या नोंदीत यंत्रासाठी आकडे वेगळे असतात आणि माणसासाठी लिहिलेली आवृत्ती वेगळी असते. दोन्ही जुळतात की नाही, हे पाहायला विंडोज येत नाही. सुधारणा करून आकडा जुनाच ठेवला, तरी कोणी हात धरत नाही. तो आकडा खरा असतो तो केवळ लिहिणाऱ्यानं खरा लिहिला म्हणून. आणि पुढे तो कोणत्या गावी, कोणाच्या उपयोगी पडेल, हे त्या लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. त्या फाइलीच्या कर्त्यानं आळस करून १.९ चे १.१० केले नसते, तर माझ्या दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या असत्या.

जाता जाता आणखी एक सांगतो. विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठीलाही क्रमांक आहे, ०४४ई. पण आपली मंडळी सवयीनं इंग्रजीचा ०४०९ घालून मोकळी होतात. काकांच्या त्या प्रसंगानंतर एक नियम मी स्वतःपुरता केला आहे. बांधणी संपली की घरी जाण्यापूर्वी ते चार आकडे मी पुन्हा एकदा मोठ्यानं वाचतो. आणि वर्णनाची ओळ मराठीत लिहून तिला ०४४ई ची किल्ली लावतो. बायको म्हणते, "ते वाचतंय कोण?" तिचं म्हणणं बरोबर आहे. पण वाचायची वेळ येते, तेव्हा कोणी तरी खुर्चीशेजारी उभं असतं.