बुवांच्या आवाजाची शेपटी

कोकणात डबलबारीच्या भजनाला कधी गेला असाल, तर मंडप दिसायच्या आधी एको ऐकू आला असेल. रस्त्यावरून चालताना शब्द कळत नाहीत, चाल कळत नाही, पण प्रत्येक ओळीची शेपटी काजूच्या बागांवरून तरंगत येते. अनेकांना हा गावठीपणा वाटतो. मला वाटत नाही. उघड्या माळावर गायलेला आवाज परत येत नाही, तो जातोच. देवळाच्या सभामंडपात दगडी भिंती आवाज परत देतात आणि गाणाऱ्याला सोबत वाटते. मंडप कापडाचा झाला तेव्हा ती भिंत यंत्रातून आणावी लागली, इतकाच एकोचा अर्थ.

ही भिंत बनवायला माणसाने बरेच उद्योग केले आहेत. १९५७ साली जर्मनीत ईएमटी १४० नावाचं यंत्र आलं. त्यात पोलादाचा भलामोठा पत्रा टांगलेला असायचा, तो आवाजाने थरथरायचा आणि ती थरथर पुन्हा उचलली जायची. वजन अडीचशे किलोंच्या वर. १९७४ साली जपानच्या रोलँडने ‘स्पेस एको’ काढला. त्यात टेपचा एक लूप फिरत राहायचा, आवाज एका हेडवर नोंदवला जायचा आणि पुढच्या हेडांवर थोडा उशिरा वाजायचा. आज तेच काम वहीएवढ्या डब्यातली चिप करते.

आमच्या मंडळाने चार वर्षांपूर्वी पॉवर्ड मिक्सर घेतला. म्हणजे मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच खोक्यात. टेम्पोत टाकायला सोपा, दोन स्पीकर जोडले की काम सुरू. त्यात एको आतच असतो, पण आमच्या मिक्सरमध्ये त्याला एकच नॉब होता. किती हवा ते ठरवता यायचं, किती उशिराने हवा ते नाही.

अडचण बुवांची होती. आमचे बुवा, नात्याने माझ्या वडिलांचे चुलते, म्हणून मी त्यांना आजोबाच म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. पेटी स्वतः वाजवतात आणि काळी चारमध्ये गातात. गेल्या दोन वर्षांत वरच्या सुरांवर आवाज फाटायला लागला होता. मंडळातल्या पोरांनी त्यावर सोपा उपाय काढला: एको वाढवा. फाटलेला सूर त्याच्याच चार प्रतींखाली दडून जायचा. पण सुरासोबत शब्दही दडायचे, आणि डबलबारी शब्दांवर चालते. समोरच्या बुवाने पुराणातला प्रश्न टाकला की उत्तर लोकांना ऐकू गेलं पाहिजे.

मी मुंबईत असतो. लॅमिंग्टन रोडवरून एक जुना इफेक्ट प्रोसेसर घेतला आणि गणपतीच्या आधी गावी नेला. तो जोडायच्या आधी आजोबांना विचारलं, एको कसा हवा? ते म्हणाले, “माझे शब्द लोकांका कळाक व्हये. बाकी तू काय ता कर.”

जोडणी तशी साधी आहे. मिक्सरवर ‘इफेक्ट सेंड’ लिहिलेलं भोक असतं. तिथून पी-३८ची मोनो वायर प्रोसेसरच्या इनपुटला. प्रोसेसरच्या आउटपुटमधून दुसरी वायर मिक्सरच्या ‘रिटर्न’ला. रिटर्न नसेल तर रिकाम्या चॅनेलच्या लाइन इनपुटला. मिक्सरचा आतला एको शून्यावर. झालं.

मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, जीव वाचवणारी. काही पॉवर्ड मिक्सरवर स्पीकरचं आउटपुटही पी-३८चंच असतं, दिसायला अगदी सेंडसारखं. लाइनचा सिग्नल साधारण सव्वा व्होल्टचा. चार ओहमच्या स्पीकरला दोनशे वॅट देणारं आउटपुट अठ्ठावीस व्होल्टपर्यंत जातं. ते प्रोसेसरमध्ये घातलं तर प्रोसेसर संपला. शेजारच्या गावातल्या एका मंडळात हे घडलं आहे, वास बराच वेळ रेंगाळला होता म्हणतात.

दुसरी, प्रोसेसरवरचा ‘मिक्स’ पूर्ण ‘वेट’वर ठेवायचा. मूळ आवाज मिक्सरमधून सरळ जातोच आहे. प्रोसेसरनेही तो परत पाठवला, तर दुसरी प्रत एकदोन मिलिसेकंद उशिरा येते आणि दोन्ही मिळून आवाज पोकळ होतो, पाइपात तोंड घालून बोलल्यासारखा.

तिसरी, रिटर्न एखाद्या चॅनेलवर आणला असेल, तर त्या चॅनेलचा इफेक्ट नॉब शून्यावरच हवा. नाहीतर एको पुन्हा सेंडमध्ये जातो, तिथून पुन्हा प्रोसेसरमध्ये, आणि गोल गोल फिरत शेवटी सगळा मंडप शिट्टी मारतो.

चौथी, चालू करताना आधी प्रोसेसर, मग मिक्सर. बंद करताना उलटं. नाहीतर स्पीकरमधून धाडकन ठोका बसतो.

खरी मजा यानंतर. आता उशीर आपल्या हातात असतो. तीनशे मिलिसेकंद ठेवले म्हणजे आवाज साधारण शंभर मीटर चालून आला, पन्नास मीटरवरच्या डोंगराला आपटून परत यावा तसा. मिनिटाला शंभर मात्रांची लय असेल तर एक मात्रा सहाशे मिलिसेकंदांची, म्हणून तीनशेचा एको बरोबर अर्ध्या मात्रेवर पडतो आणि पखवाजाशी भांडत नाही. पखवाजाच्या आणि झांजेच्या चॅनेलचा इफेक्ट मी शून्यावर ठेवला. कोरसला थोडा दिला. आजोबांना फक्त एकच पुनरावृत्ती, हळू आवाजात. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं की माझा हात रिटर्नवर जायचा आणि एको खाली यायचा. गजर सुरू झाला की पुन्हा वर.

पहिल्या बारीला शब्दन् शब्द कळला. मागे बसलेल्या बायकांनी एका उत्तरावर टाळ्या वाजवल्या, तशा टाळ्या मी बऱ्याच वर्षांनी ऐकल्या. पण शब्दांसोबत फाटलेला सूरही स्वच्छ ऐकू आला. मध्यंतरात मंडळातला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, “अरे, म्हाताऱ्याची इज्जत काढतोस काय? एको वाढव.” त्याचंही खोटं नव्हतं. त्याला बुवांची लाज राखायची होती. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी ते ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत, पेटीचा भाता बंद केला आणि चहा मागितला.

एको मी वाढवला नाही. जिथे माणूस उत्तर देतो आहे तिथे त्याचं उत्तर ऐकू यावं, एवढंच मला पटत होतं. यंत्र आवाजाला जागा देऊ शकतं, श्वास देऊ शकत नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजोबा पडवीत पेटी घेऊन बसले होते. एकच अभंग पुन्हा पुन्हा घोळवत होते, बोटं अडखळत होती. पन्नास वर्षं ज्या पट्ट्यांवर बोटं पडली, त्या सोडून दुसऱ्या शोधत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “आता काळी चार पुरे. पुढे काळी दोनार गातलंय.”

मग पखवाजवाल्या पोराला हाक मारली आणि शाई पुन्हा खालच्या सुराला लावून घ्यायला सांगितली.