आजोबांशी अबोला

बालकथांच्या ज्या संहिता चित्रांसाठी माझ्याकडे येतात, त्यांत आजोबा हमखास असतात आणि ते हमखास काहीतरी शिकवत असतात. नातू विचारतो, आजोबा सांगतात, पान संपतं. त्यात माया असते, पण मैत्री दिसत नाही. मैत्री म्हटली की दोघांचंही एकमेकांवाचून अडायला हवं, आणि भांडायची मुभा हवी.

म्हणून नव्या चित्रकारांच्या हातात मी आधी जॉन बर्निंगहॅम यांचं ‘ग्रँपा’ (१९८४) देते. त्यात निवेदक नाही. आजोबांचं बोलणं सरळ टायपात, नातीचं तिरप्या. आजोबा चॉकलेट आइस्क्रीमची तारीफ करतात, तर ती ठणकावते, हे स्ट्रॉबेरीचं आहे. ते मासा गळाला लागण्याचं बोलतात, तर हिला प्रश्न, देवमासा लागला तर? बोलण्याची गाठ क्वचितच पडते, तरी दोघांचं छान चाललेलं असतं. आणि एका पानावर नात आजोबांना लागेल असं काहीतरी बोललेली असते. काय, ते पुस्तक सांगत नाही. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभी. पुढे आजोबांची खुर्ची रिकामी होते आणि वाचक तिथे गलबलतात. मला वाटतं, ती खुर्ची इतकी जिव्हारी लागते ती या अबोल्यामुळे. भांडायला हक्काचं असलेलं माणूस गेलेलं असतं.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेम फॉक्स यांचं ‘विल्फ्रिड गॉर्डन मॅक्डॉनल्ड पार्ट्रिज’ आलं. नायकाला त्यांनी आपल्या वडिलांचं नाव दिलं. हा मुलगा वृद्धाश्रमाशेजारी राहतो. तिथल्या मिस नॅन्सी त्याला सर्वांत आवडतात, कारण त्यांचंही नाव चार शब्दांचं! दयेचा लवलेश नाही, अगदी पोराचं कारण. त्यांची आठवण हरवत चालल्याचं कळल्यावर तो टोपलीभर वस्तू नेतो. त्यात कोंबडीखालून नुकतंच काढलेलं ऊबदार अंडंही असतं. ते हातात घेताच बाईंना लहानपणी पाहिलेली पक्ष्याची अंडी आठवतात. ज्युली व्हिव्हास यांनी जलरंगात काढलेली म्हातारी माणसं मला फार आवडतात. ती वाकलेली, सैलावलेली आहेत, पण केविलवाणी कुठेही नाहीत.

विल्फ्रिड आणि नॅन्सी यांचं काही नातं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या चित्रपुस्तकांत म्हातारं माणूस बहुधा घरचंच असतं. चाळीत, वाड्यात, सोसायटीत मात्र प्रत्येक पोराची अशी कुणीतरी शेजारीण असते, जी सुईत दोरा ओवून घ्यायला त्यालाच हाक मारते. तिची नजर अधू, त्याची तीक्ष्ण. त्या कामात दोघांची डोकी एका उंचीवर काढता येतात: ती जमिनीवर बसलेली, तो गुडघ्यांवर, मध्ये सुई. आणि संवाद हवाच असेल, तर फाटक्या खिशाला कुठल्या रंगाचा दोरा लावायचा यावरून वाद होऊ द्यावा.