पट्टीतलं शून्य

पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, चुकली की बागायतदाराचा विश्वास उडतो, आणि एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीत त्या विश्वासावरच सगळा व्यवहार चालतो. एका आंबा व्यापाऱ्याच्या हिशेबाचा प्रोग्रॅम तपासायला गेलो, तेव्हा काही पट्ट्यांत पेटीचा भाव शून्य आला होता. हमाली, तोलाई, भाडं मात्र वजा झालेलं. म्हणजे हापूस पाठवणाऱ्याच्याच नावावर देणं!

व्यापाऱ्याच्या दिवाणजींनी विचारलं, "हे शून्य लिहिलं कुणी?"

भाव कळवणाऱ्या वाशीच्या दलालाने तर लिहिलं नव्हतं. त्याच्या सीएसव्ही फाइलमध्ये '१,२५०' होतं. पायथॉनला देवनागरी अंक समजतात, पण त्यांतला स्वल्पविराम चालत नाही. तिथे 'व्हॅल्यूएरर' हा एक्सेप्शन उठतो. आधीच्या कुणीतरी तो नुसत्या 'एक्सेप्ट'ने पकडून भाव शून्य धरला होता. असा 'एक्सेप्ट' सगळंच गिळतो. ऐन वेळी कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवू पाहिलं, तर तेही.

स्वल्पविराम काढून टाकला असता तर त्या दिवसापुरतं भागलं असतं. मला ते पटेना. मजकुराचा आकडा करणाऱ्या त्या चार ओळींना पेटी कुणाची, पैसे कुणाचे, काही ठाऊक नसतं. भाव ठरवायचा अधिकार त्यांना कुठून येणार? म्हणून तिथे फक्त 'व्हॅल्यूएरर' पकडला, त्याला फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक चिकटवला (२०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून 'ॲड_नोट'ने हे सहज होतं) आणि नुसतं 'रेज' लिहून तोच एक्सेप्शन वर सोडला. तोच, नवा नाही. त्यामुळे चूक मुळात कुठे उठली तो माग शाबूत राहतो. सी-शार्पमध्ये यासाठी नुसतं 'थ्रो' लिहावं लागतं. पुढे एक्सेप्शनचं नाव लिहिलं, तर मूळ ओळीचा माग पुसला जातो. एवढ्याशा फरकापायी माणसं तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसतात.

निर्णय वर, पट्टी तयार होते तिथे ठेवला. आकडा वाचता आला नाही तर ती एकच पट्टी थांबवायची, कारणासह दिवाणजींना दाखवायची, बाकीच्या छापायच्या. फाइलच उघडली नाही किंवा डिस्क भरली, तर मात्र काही न पकडता प्रोग्रॅम थांबू द्यायचा.

थांबलेल्या पट्ट्या घेऊन दिवाणजींनी वाशीला फोन लावला. बहुतेक ठिकाणी स्वल्पविरामच निघाला. एका ओळीत मात्र दलालाकडूनच भाव लिहायचा राहून गेला होता.