सूचना लावली आहे

महाविद्यालयात सर्वांत जास्त पाहिली जाणारी आणि सर्वांत कमी वाचली जाणारी वस्तू कोणती, असे कुणी विचारले तर मी सूचनाफलकाकडे बोट दाखवीन. निकालाच्या दिवशी त्याच्यापुढे उभे राहायला जागा मिळत नाही. एरवी त्याच्या काचेत पाहून केस सारखे करणारेच अधिक. आत टाचण्यांनी टोचलेले कागद बिचारे पिवळे पडत असतात. मला मात्र फलक वाचण्याची सवय आहे, आणि ती सवय मला दादरा-नगर हवेलीने लावली.

माझे वडील नोकरीसाठी सिल्वासाला गेले आणि माझे पदवीपर्यंतचे शिक्षण तिथेच झाले. इथे आल्यावर मित्र विचारतात, "हे दादरा म्हणजे नेमके कुठे?" मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गाडीने वापीला उतरायचे आणि पूर्वेकडचा रस्ता धरायचा. वाटेत प्रथम दादरा लागते. दादरा, देमणी आणि तिघरा अशा तीन गावांचा तो एवढासा तुकडा. पुढे थोडा गुजरात, आणि मग नगर हवेली. तिचे मुख्य गाव सिल्वासा. दमणगंगेच्या काठी सूत आणि प्लास्टिकचे कारखाने, आणि खानवेलच्या पुढे डोंगर, साग, वारली नि कोकणा लोकांचे पाडे. एका टोकाला भोंगा, दुसऱ्या टोकाला तारपा, असे ते गाव आहे.

शिक्षणाच्या बाबतीतही तिथे अशीच सरमिसळ. काही महाविद्यालये पुण्याच्या विद्यापीठाला जोडलेली, तर काही सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाला. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन मुलांच्या परीक्षा वेगवेगळ्या महिन्यांत येत, आणि एकाची सुट्टी दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपे. आमच्या फलकावर जूनमध्ये प्रवेशाच्या याद्या लागत. मग ओळखपत्रे, ग्रंथालयाची कार्डे, राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी. दिवाळीनंतर क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, शिबिर. आणि उन्हे तापू लागली की परीक्षेचे अर्ज व विलंबशुल्क. या क्रमात जुलै संपता संपता एक कागद दरवर्षी न चुकता येई: "२ ऑगस्ट, मुक्तिदिन. ध्वजवंदनास सर्वांनी उपस्थित राहावे."

मित्रहो, या एका कागदाने मला विचारात पाडले. ज्या घटनेची आठवण म्हणून ही सूचना लागत असे, त्या घटनेची स्वतःची सूचना कुठेही लागलेली नव्हती. १९५४ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, गोव्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तरुणांच्या तुकड्या या मुलखाच्या सीमेवर जमल्या. फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी २२ जुलैला दादरा मुक्त केले. त्यानंतर नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. या शेवटच्या कामात आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे लोक होते. राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्याबरोबर त्यात आपले संगीतकार सुधीर फडकेही होते. कामासाठी पैसा हवा, म्हणून फडक्यांच्या शब्दावरून लता मंगेशकरांनी त्याच वर्षी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. गाण्याच्या कार्यक्रमाचा दिवस आणि जागा लोकांना सांगता येते; पण त्या पैशाने पुढे काय होणार, हे भिंतीवर लिहिण्याजोगे नव्हते. निरोप कानोकानी गेले आणि तारीख तोंडातल्या तोंडात ठेवली गेली.

त्याच्याही मागे गेले तर लोकांना न सांगण्याची परंपरा फार जुनी दिसते. १७८३ आणि १७८५ च्या मराठी सनदांनी पेशव्यांच्या दरबाराने इथली गावे पोर्तुगीजांकडे लावून दिली. तो मुलूख दिला होता की नुसता महसूल, हा वाद पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मानले की मराठ्यांच्या काळात पोर्तुगीजांना मिळाले ते सरंजामाचे उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे. एका 'सरंजाम' शब्दाचा अर्थ लावायला पावणेदोनशे वर्षांनी सातासमुद्रापलीकडे न्यायाधीश बसले! पण ज्या पाड्यांची ती सनद होती, तिथल्या माणसाला ती कुणी वाचून दाखवली असेल, असे मला काही वाटत नाही.

१९५४ नंतर सात वर्षे त्या प्रदेशाचा कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. १९६१ मध्ये भारतात विलीन होताना करारावर सही करायला प्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी नावाचे सनदी अधिकारी एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान झाले, ही गंमत आम्हाला शाळेत असतानाच ठाऊक होती. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा-नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाला. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण-दीवशी जोडला गेला आहे. हा सारा इतिहास वाचताना मला सारखे वाटे की स्वातंत्र्य आले म्हणजे साध्या माणसाच्या दृष्टीने नेमके काय आले? तर ज्या गोष्टी पूर्वी चार माणसे बंद दाराआड ठरवीत, त्या आता भिंतीवर, उजेडात, सर्वांसाठी लिहिल्या जाऊ लागल्या. शिष्यवृत्ती असो, नोकरी असो, निवडणूक असो. तिचा दिवस आणि तिच्या अटी वाचण्याचा हक्क सर्वांना मिळाला. सूचनाफलक ही त्या हक्काची सर्वांत स्वस्त खूण आहे.

पण "सर्वांना" म्हणजे कुणाला?

माझ्या वर्गात मांदोणीकडच्या एका पाड्यावरची वारली मुलगी होती. तिच्या घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणारी ती पहिलीच. सकाळी उजाडायच्या आत निघायचे, वडापच्या जीपने खानवेलपर्यंत यायचे, तिथून बस, आणि पहिल्या तासाला वर्गात. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी संध्याकाळी फलकावर कागद लागला. आदिवासी विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीचे अर्ज जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांसह सोमवारपर्यंत द्यावेत, असा मजकूर; तोही इंग्रजीत, बारीक टंकात. शनिवारी फरशी पुलावरून पाणी गेले आणि जीप आलीच नाही. सोमवारीही तीच गत. मंगळवारी ती आली, मधल्या सुट्टीत फलकापुढे थांबली, आणि मला म्हणाली, "ही तारीख कालचीच ना गं?"

आम्ही दोघी खिडकीपाशी गेलो. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा वर केला आणि एवढेच विचारले, "फलकावर लावले होते ना?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, कारण कागद खरोखरच लावलेला होता. नियमाप्रमाणे सर्व काही झाले होते. त्या वर्षीची शिष्यवृत्ती मात्र गेली. सुट्टीत ती एका कारखान्यात धाग्याची रिळे भरायला जाऊ लागली आणि त्या पैशातून तिने पुढची फी भरली. ती रडली नाही. तिने एकदाच सांगितले, "आमच्या पाड्यावर देवाचे काही ठरले की माणूस घरोघर जाऊन सांगतो. कोणी रानात गेला असेल तर त्याच्या शेजाऱ्याला सांगून ठेवतो. सांगून झाले असे तेव्हाच म्हणायचे."

हे वाक्य मी विसरू शकलेली नाही. 'लावले' आणि 'सांगून झाले' या दोन क्रियापदांमध्ये एका मुलीचे वर्ष बसलेले होते.

त्यानंतर आम्ही चौघींनी एक वही केली. दर शनिवारी शेवटच्या तासानंतर फलक उतरवून घ्यायचा: काय आहे, कुणासाठी आहे, शेवटची तारीख कोणती, कोणते कागद लागतात. हिंदी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत लिहायचे. मग खानवेलच्या बसला एक प्रत, नरोलीकडे एक, दादऱ्याकडे एक. मोबाईलवरही पाठवीत होतो. पण तिच्या पाड्यावर टेकडी चढल्याशिवाय रेंज मिळत नसे, म्हणून कागद सोडला नाही. आमच्या एका प्राध्यापकांनी ती वही पाहिली आणि कार्यालयाला विनंती करून शिष्यवृत्तीच्या सूचना निदान पंधरा दिवस आधी, हिंदी व गुजरातीतही लागतील असे केले. पुढच्या वर्षी माझी मैत्रीण आपला अर्ज घेऊन आली तेव्हा तिच्या पिशवीत आणखी चार अर्ज होते, पाड्यावरच्या धाकट्या मुलींचे. कारकुनाने ते मोजून घेतले आणि पोच दिली.

आता मी इथे आहे. आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर एक कागद कन्नडमध्ये असतो, एक मराठीत, आणि पुष्कळसे इंग्रजीत. आपल्या या वार्षिकाचेही दोन विभाग आहेत. मराठी विभाग वाचणारा कन्नड विभाग उलटून पाहत नाही आणि तिकडचा इकडे येत नाही, हे आपण सारे जाणतो. भाषेचा वाद घालायला मी बसलेली नाही. तो घालणारे पुष्कळ आहेत. पण खेड्यावरून एस. टी.ने येणारी, दुपारच्या गाडीने परत जाणारी, दोनांपैकी एकच लिपी सहज वाचणारी मुले आपल्याही वर्गात आहेत. वक्तृत्वस्पर्धा हुकली तर एक बक्षीस जाते. परीक्षेच्या अर्जाची तारीख हुकली तर वर्ष जाते.

तेव्हा जाता जाता माझीही एक सूचना. या आठवड्यात फलकापुढून जाताना एक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि आज जो वर्गात आलेला नाही त्याला, त्याला समजेल त्या भाषेत, तारखेसह सांगा. तो रानात गेला असेल तर त्याच्या शेजाऱ्याला सांगून ठेवा.