खानदानाचं सर्टिफिकेट

"अगं, आपल्या खानदानात तसलं काही नाही!" लग्नाआधी दोघांनी एचआयव्ही टेस्ट करू, असं मी म्हटल्यावर आमच्या वाशिंदच्या घरात मावशी उखडलीच. पत्रिका चालते, गोत्र चालतं, ब्लड ग्रुपसुद्धा चालतो. ही टेस्ट म्हटली की खानदान आडवं येतं.

गंमत म्हणजे, जन्मजात संरक्षण खरंच असतं, पण ते आडनावावर मिळत नाही. सीसीआर-५ हा पांढऱ्या पेशीवरचा दरवाजा. एचआयव्ही बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतो. या जीनमधली ३२ अक्षरं गळालेली प्रत आई आणि वडील, दोघांकडूनही आली, तर हा दरवाजा पेशीवर बसतच नाही. हे १९९६ मध्ये कळलं. युरोपीय वंशाच्या साधारण १ टक्का लोकांना ही लॉटरी लागते. अशाच एका दात्याच्या मूळपेशी बर्लिनमध्ये २००७ साली टिमथी ब्राउनला दिल्या आणि तो एचआयव्हीमुक्त झाला.

आणि आपण? भारतीयांत हा बदल अगदी दुर्मीळ. थोडक्यात, खानदान कुठलंही असो, दार उघडंच! त्यात काही विषाणू दुसऱ्याच दाराने येतात.

तेव्हा भरवसा ठेवायचा तो कंडोमवर आणि टेस्टवर. सरकारी केंद्रात ती मोफत होते, रिपोर्टही गुप्त राहतो. पॉझिटिव्ह आली तरी आयुष्य संपत नाही. सरकारी औषधं २००४ पासून मोफत आहेत. ती नियमित घेऊन रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

लग्न ठरलंय? हॉल बुक करण्याआधी दोघं मिळून एक चक्कर टाकाच.